गिन्झात चांगलं रामेन खायचंय? मोठा रस्ता सोडा, मागच्या गल्लीत शिरा

पुण्याहून कुणी टोकियोला आलं की एक संध्याकाळ गिन्झाची ठरलेली असते. मी टोकियोतल्याच निशि-कासाईत राहते. पाहुणे दिवसभर चुओ-दोरी या तिथल्या मोठ्या रस्त्यावरच्या काचांमागची घड्याळं आणि पर्स बघत हिंडतात, आकड्यांमागची शून्यं मोजतात आणि पोटात कावळे ओरडायला लागले की हळूच विचारतात, "इथं आपल्याला परवडेल असं काही मिळतं का गं?"

मिळतं, आणि ते नुसतं पोट भरण्यापुरतं नसतं. गिन्झातल्या चांगल्या सुशीच्या दुकानात एका माणसाच्या जेवणाचे वीस-तीस हजार येन सहज होतात. त्याच गल्लीत तितक्याच निगुतीनं केलेलं रामेन, म्हणजे गरम सुपातल्या शेवया, हजार ते पंधराशे येनमध्ये समोर येतं. एक येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडा जास्त, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. इथल्या काही कॅफेंत नुसत्या कॉफीचे हजार येन होतात.

अडचण एवढीच की हे रामेन रस्त्यावरून दिसत नाही. दुकानात आठ-दहा खुर्च्या, पाटी जपानीत, दारात रांग आणि आत एक यंत्र. माहीत नसेल तर माणूस बाहेरूनच परत फिरतो. म्हणून पाहुण्यांना मी जे तोंडी सांगते ते इथे सगळं लिहून ठेवते आहे.

आधी जागा समजून घ्या

गिन्झा म्हणजे 'चांदीची जागा'. १६१२ साली शोगुनची, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाची, चांदीची टांकसाळ इथे आली, तेव्हापासूनचं हे नाव. भाग लहान आहे, पायी सहज फिरून होतो. त्याचे आठ तुकडे पाडले आहेत, त्यांना 'चोमे' म्हणतात. उत्तरेला क्योबाशीच्या बाजूला एक चोमे, दक्षिणेला शिंबाशीच्या बाजूला आठ चोमे, आणि मधून जाणारा मोठा रस्ता म्हणजे चुओ-दोरी. चार चोमेच्या चौकात वाकोची १९३२ सालची घड्याळाची इमारत आहे. चुकलात तर तिच्याकडे परत या.

पत्ता वाचायची एक युक्ती सांगते, ती मला फार उशिरा कळली. समजा पत्ता '३-१४' असा आहे. पहिला आकडा चोमेचा, म्हणजे तुम्ही उत्तरेला आहात की दक्षिणेला ते सांगणारा. दुसरा जितका मोठा तितकं ठिकाण पूर्वेला, त्सुकिजीच्या बाजूला. एक-आकडी असेल तर बहुधा पश्चिमेला, युराकुचोच्या अंगाला. बारा-चौदा असेल तर काबुकिझा नाट्यगृहाच्या आसपास. त्यासाठी गिन्झा स्टेशनवर न उतरता हिगाशि-गिन्झाला उतरलेलं बरं. मोबाईलवरचा नकाशा उंच इमारतींमध्ये गोंधळतो, तेव्हा हे आकडे उपयोगी पडतात.

आणखी एक. जपानात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. पाटीवर '२' असेल तर एकच जिना चढायचा, 'बी१' असेल तर खाली उतरायचं. चांगली दुकानं पुष्कळदा तळघरात असतात, कारण तिथे भाडं कमी पडतं.

निशि-कासाईहून येणाऱ्यांनी तोझाई लाइननं निहोंबाशीला उतरून गिन्झा लाइन पकडावी, तिथून दुसरं स्टेशन गिन्झा.

दुकान नंतर, आधी रस्सा ठरवा

'गिन्झातलं सर्वोत्तम रामेन कुठलं' हा प्रश्न मला पटत नाही. आपल्याकडे 'सर्वोत्तम रस्सा कुठला' असं विचारलं तर समोरचा आधी विचारेल, तांबडा की पांढरा? रामेनचंही तसंच आहे.

वाडग्यात तळाला 'तारे' असतो, म्हणजे खारट-चवदार अर्क. तो सोया सॉसचा असला तर शोयु, मिठाचा असला तर शिओ, मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा असला तर मिसो रामेन. त्यावर थोडं सुगंधी तेल, मग गरम सूप आणि शेवटी शेवया. या शेवयांच्या पिठात कान्सुइ नावाचा क्षार घालतात. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचा. पिवळसर रंग, तो विशिष्ट वास आणि गरम सुपातही टिकणारा चिवटपणा त्याच्यामुळेच येतो.

सूप दोन तऱ्हेचं. एक नितळ. हाडं मंद आचेवर ठेवायची, खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, मग सूप काचेसारखं राहतं. दुसरं दाट पांढरं. हाडं तासन्‌तास जोरात उकळली की आतला मगज आणि चरबी पाण्यात मिसळून दुधासारखा रंग येतो. डुकराच्या हाडांचं असलं तर तोनकोत्सु, कोंबडीचं असलं तर तोरि-पाइतान. पायाचं सूप आवडणाऱ्याला दाट सूप लगेच कळतं. ज्यांना साधं वरण आणि त्यावर तुपाची धार प्रिय आहे त्यांनी नितळाकडे जावं.

गिन्झाची खासियत नितळ सुपात आणि कोंबडीत आहे असं माझं मत. तोनकोत्सुसाठी मुद्दाम इथे येण्याची गरज नाही. तरी हवंच असेल तर १९८५ साली फुकुओकात सुरू झालेल्या इप्पुदोची शाखा गिन्झात आहे. जागा ऐसपैस, कर्मचाऱ्यांना परदेशी माणसांची सवय, मुलांना घेऊन जायला सोपी. तिथे शेवया किती कडक हव्यात ते विचारतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं 'फुत्सू' म्हणजे नेहमीसारख्या म्हणावं. सूप उरलं तर 'काएदामा' म्हणून नुसत्या शेवया पुन्हा मागवता येतात.

आता दुकानं

कोंबडी खाणाऱ्या पाहुण्याला मी पहिल्यांदा कागारीला नेते. तोरि-पाइतान हीच त्यांची ओळख. दाट, सायीसारखं सूप, वर कोंबडीचे तुकडे आणि त्या-त्या हंगामातल्या भाज्या. पाटीवर 'रामेन' शोधू नका, 'सोबा' असं लिहिलेलं असतं. गिन्झातल्या बऱ्याच दुकानांत हा घोटाळा होतो. खरा सोबा कुट्टूच्या पिठाचा. पण रामेनचं जुनं नाव 'चुका सोबा', म्हणजे चिनी शेवया, त्यामुळे रामेनवालेही हा शब्द अभिमानानं वापरतात. गिन्झा स्टेशनच्या भुयारातही कागारीची शाखा आहे, पावसाळी दिवशी ती सोयीची पडते.

कोकणातल्या माणसाला मात्र मी मुगि तो ऑलिव्हला नेते. सहा चोमेत, गिन्झा सिक्स मॉलपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. नावाचा अर्थ 'गहू आणि ऑलिव्ह'. इथली खासियत हामागुरी, म्हणजे मोठ्या शिंपल्यांचं रामेन. सूप नितळ, वर उघडलेल्या शिंपल्या रांगेनं मांडलेल्या. माझे मामा मालवणचे. त्यांनी पहिला घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "अगो, ही तर तिसऱ्यांची निवळ." खोबरं नाही, तिरफळ नाही, तरी समुद्राची ती गोडसर खारट चव तीच. त्या दिवशी ते पुढे काही बोलले नाहीत, वाडगा रिकामा होईपर्यंत.

हाचिगोबद्दल सविस्तर लिहायला हवं. काबुकिझाच्या मागच्या बाजूला, तीन चोमेत, जेमतेम सहा खुर्च्यांचं दुकान. मालक मूळचे फ्रेंच स्वयंपाकातले, क्योतोच्या हॉटेलात वर्षानुवर्षं काम केलेले. वर मी म्हटलं की वाडग्याच्या तळाला तारे असतो. इथे तो नाहीच. खारटपणा येतो तो प्रोशुत्तो या इटालियन पद्धतीच्या मुरवलेल्या हॅममधून आणि सुपात पडलेल्या जिनसांच्या अंगच्या चवीतून. त्या जिनसांत कोंबडी, बदक, शिंपल्या, सुकवलेले टोमॅटो, शिइताके अळंबी. सूप इतकं नितळ की वाडग्याचा तळ दिसावा. पहिल्या घोटाला फिकं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या घोटाला कळतं की जिभेवर काहीतरी चढत चाललं आहे. उत्तम उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनच्या २०२२ च्या टोकियो मार्गदर्शिकेत त्याला एक तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला तारा मिळण्याची जगातली पहिली वेळ याच शहरातली, सुगामोच्या त्सुता या दुकानाची, २०१६ च्या आवृत्तीतली. हाचिगोची रांग मोठी आणि रांगेचे नियम बदलत असतात, तेव्हा आदल्या रात्री दुकानाची ताजी सूचना वाचूनच निघा. आणि मिरमिरीत तिखटाची सवय असलेल्या माणसाला इथे नेऊ नका, त्याचा हिरमोड होईल आणि खुर्ची वाया जाईल.

तिखट हवं असेल तर हाशिगो. सहा चोमेच्या पश्चिम अंगाला. तीळ आणि मिरचीचं दानदानमेन, हवं तर वर तळलेल्या पोर्कचा तुकडा. कोल्हापूरकराला हे तिखट वाटणार नाही, पण तिळाचा दाटपणा नक्की आवडेल. इथे ऑफिसातली माणसं येतात, खातात, दहा मिनिटांत उठतात. गिन्झा रोज इथे राबणाऱ्यांचंही आहे, हे पटवून घ्यायला हीच जागा.

साधं, जुनं, आजोबांच्या काळातलं रामेन बघायचं असेल तर दोन चोमेतलं मानपुकु. १९२९ पासूनचं दुकान. सोया सॉसचं पातळ सूप आणि वर त्रिकोणी कापलेली पातळ अंड्याची पोळी. आजच्या चकचकीत वाडग्यांशी तुलना करू नका. टोकियोत रामेन लोकांच्या तोंडी बसलं ते १९१० साली असाकुसात उघडलेल्या राइराइकेनपासून, आणि ती पातळ सोया सॉसची चव कशी असेल याचा अंदाज अशा ठिकाणी येतो. त्याच चोमेत क्योराकु आहे, तेही याच धाटणीचं.

सहा चोमेतलं काझामी हे माझं आवडतं, पण सगळ्यांना मानवेलच असं नाही. साके ही तांदळाची दारू गाळल्यावर जो चोथा उरतो तो सुपात घालतात. दाट, आंबूस-गोड आणि किंचित आंबवल्याचा वास. जो दारूचा थेंबही घेत नाही त्यानं इथे जाऊ नये.

शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

आई पहिल्यांदा टोकियोला आली तेव्हा मी तिला एका दुकानात नेलं. आधी विचारलं, मांस नको, चालेल का? हो म्हणाले. वाडगा आला, वर फक्त कोंब, कांदापात आणि अंडं. आईनं अंडं बाजूला काढलं, दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलं. सूप डुकराच्या हाडांचं होतं. त्या माणसानं मला फसवलं नव्हतं. त्याच्या भाषेत 'मांस नको' म्हणजे वरचे तुकडे नकोत. सूप म्हणजे मांस, असं त्याच्या मनातही आलं नसेल. चूक माझ्या प्रश्नात होती. त्या रात्री आई जेवली नाही, आणि ते मला अजून बोचतं.

म्हणून प्रश्न सुपाबद्दल विचारायचा: "सूपु नि निकु या साकाना वा हाइत्ते इमासु का?" सुपात मांस किंवा मासे आहेत का? मासेही विचारायचे, कारण सुक्या बोनितो माशाचा कीस आणि निबोशी, म्हणजे सुकवलेले बारीक मासे, जवळजवळ सगळीकडे असतात. फक्त पोर्क चालत नसेल तर: "सूपु नि बुतानिकु वा हाइत्ते इमासु का?" बीफसाठी बुतानिकुच्या जागी ग्यूनिकु. हे वाक्य जपानी लिपीत मोबाईलवर तयार ठेवा आणि दाखवा. कोंबडीच्या दुकानातही तारेमध्ये पोर्कची चरबी असू शकते, तेव्हा गृहीत काही धरू नका.

आता आईला मी सरळ टोकियो स्टेशनवर नेते. गिन्झाहून मारुनोउचि लाइननं पुढचंच स्टेशन. तिथे जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीटवर टीज तानतान आहे. सगळं पूर्ण वनस्पतिजन्य: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही. तिळाचं सूप, वर सोयाचा खिमा. फाटकाच्या आत असल्यामुळे तुमच्याकडे जेआरचं प्रवासाचं तिकीट नसेल तर 'न्यूजोकेन' हे फलाट तिकीट घ्यावं लागतं, दीडशे येनच्या आसपास, दोन तासांसाठी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तिथेही विचारूनच मागवावं.

त्याच स्टेशनच्या याएसु बाजूला, फाटकाबाहेर, तळघरात टोकियो रामेन स्ट्रीट आहे. आठ दुकानं ओळीनं. पाच जणांच्या घोळक्यात प्रत्येकाला वेगळं हवं असेल तर गिन्झात फरफट करण्यापेक्षा इथे या.

वेळ

बहुतेक दुकानं अकराच्या सुमारास उघडतात. बारा ते एक ऑफिसांची सुट्टी, त्या तासात जाऊ नका. पावणेअकराला रांगेत उभं राहा किंवा दुपारी दोननंतर जा. तीन ते पाच काही दुकानं मधली सुट्टी घेतात. सूप संपलं की वेळेआधीही बंद करतात, पाटी उलटी फिरवतात. उरलेल्या सुपात पाणी घालून आणखी दहा वाडगी विकायची नाहीत, हा त्यांचा नेम. मला त्याचं फार कौतुक वाटतं, उपाशी परत फिरावं लागलं तरी.

शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापासून चुओ-दोरी वाहनांना बंद असते. रस्त्याच्या मधोमध चालायला मजा येते, पण त्या दिवशी रामेनच्या रांगा लांबतात. जमलं तर साध्या वारी या. पाऊस असेल तर आनंद माना, रांग निम्मी होते. काही दुकानांची साप्ताहिक सुट्टी रविवारी किंवा सोमवारी असते, ती बघून घ्या. दुकानं जागाही बदलतात, तेव्हा जुन्या लेखातल्या पत्त्यावर, या लेखातल्यासुद्धा, न तपासता निघू नका.

रांग आणि यंत्र

रांगेत उभं राहायच्या आधी दारातून आत डोकावा. दाराशी तिकिटाचं यंत्र आहे का? काही ठिकाणी आधी तिकीट घेऊन मग रांग, काही ठिकाणी आधी रांग. पुढच्या माणसाच्या हातात चिठ्ठी दिसते का ते बघा, उत्तर मिळतं. रांगेत एकानं उभं राहून बाकीच्यांनी नंतर घुसणं इथे फार वाईट समजतात. सगळे आल्यावरच उभे राहा. आणि चौघांना शेजारी-शेजारी बसायला मिळेल ही अपेक्षा सोडा. किती माणसं विचारलं तर एकट्यानं 'हितोरि', दोघांनी 'फुतारि' म्हणायचं.

यंत्रात आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं. सगळं जपानीत असेल तर वरचं डावीकडचं बटण दाबा. बहुतेक दुकानं आपली खास वस्तू तिथेच ठेवतात. मागे माणसं ताटकळत असतात, म्हणून फोटो काढून भाषांतर करायचं काम रांगेतच उरका. खिशात हजाराच्या नोटा ठेवा, काही यंत्रं दहा हजाराची नोट घेत नाहीत. जुलै २०२४ मध्ये नवीन नोटा आल्या, आणि काही जुनी यंत्रं त्या परत बाहेर ढकलतात. तसं झालं तर शांतपणे 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा' म्हणून नोट दाखवा, बदलून देतात. त्या नवीन हजाराच्या नोटेवरचा चेहरा नीट बघा. ते किताझातो शिबासाबुरो, १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात शिरला. ती नोट यंत्रात सरकवताना मला दर वेळी क्षणभर थांबायला होतं.

चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. खरेदीच्या पिशव्या खुर्चीखालच्या टोपलीत. पाणी बहुधा आपलं आपण घ्यायचं.

खाताना

वाडगा आला की फोटो एकच. शेवया सुपात दर मिनिटाला मऊ पडत जातात, आणि स्वयंपाक्यानं त्या सेकंद मोजून उकडलेल्या असतात. आधी 'रेंगे' या खोलगट चमच्यानं नुसतं सूप प्या. त्याआधी काही मिसळू नका, मिरपूड नाही, तेल नाही. मग शेवया, थोड्या-थोड्या, भुरका मारत. आवाज होऊ द्या. आपल्याकडे कढीचा भुरका मारतो तसाच, आणि कारणही तेच: हवा सोबत गेली की गरम घास जिभेला सोसतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. काट्याला गुंडाळून खाल्ल्यासारखं चॉपस्टिकला गुंडाळून खाल्लं तर अर्धी चव जाते.

निम्मं झाल्यावर समोरच्या बरण्यांकडे वळा. व्हिनेगर, लसूण, तीळ, दुकानाप्रमाणे बदलतं. उत्तरार्धाला वेगळी चव देण्यासाठी त्या ठेवलेल्या असतात. वर ठेवलेले तपकिरी तुकडे म्हणजे मेनमा, आंबवलेले बांबूचे कोंब. घरी वास्त्याची भाजी खाल्लेल्याला ते परके वाटणार नाहीत.

सूप पूर्ण पिण्याची सक्ती नाही, मीठ बरंच असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी सूप ठेवलं तर कुणी काही मनात आणत नाही. शेवया मात्र टाकू नयेत. झेपणार नसेल तर 'ओमोरि' म्हणजे मोठ्या वाढपाचं बटण दाबूच नका. एका वाडग्यात दोघांनी खाणं लहान दुकानात चालत नाही, प्रत्येकी एक तिकीट घ्यावं लागतं. लहान मुलांसाठी उंच स्टूल अवघड, त्यांना घेऊन इप्पुदो किंवा रामेन स्ट्रीट बरं.

खाऊन झालं की गप्पा बाहेर. वाडगा उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवा, समोरचं फडकं असेल तर जागा पुसा आणि 'गोचिसोसामा देश्ता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणून उठा. टीप ठेवायची नाही, ठेवलीत तर ते पैसे द्यायला मागे धावत येतील. मामांनी मुगि तो ऑलिव्हमध्ये ते जपानी वाक्य दोनदा घोकलं होतं, पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "बरा झाला हां." आतल्या स्वयंपाक्यानं मान लववली. बाहेर रांगेत बारा माणसं होती.